दोन्ही भार वाहणारा रेणू

मी इतिहासाचा शिक्षक. बी.ए.ला इतिहास घेतला आणि बी.एड.ला इतिहास व मराठी. तेव्हा या स्मरणिकेत रसायनशास्त्रातील एका शोधाविषयी लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे सुज्ञ पालक विचारतील. त्यांचे विचारणे योग्यच आहे. म्हणून हा विषय माझ्या वाट्याला कसा आला ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो तेथे विज्ञान शिक्षकाची जागा जवळजवळ वर्षभर रिकामी होती. नववीचे विज्ञानाचे तास वाटून घ्यावे लागले आणि 'आम्ल, आम्लारी व क्षार' हा पाठ माझ्याकडे आला. मी आदल्या रात्री वाचावे आणि दुसऱ्या दिवशी शिकवावे, असा क्रम चालला होता. लिटमस झाला, हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवून लाल करून दाखविला, लिंबाच्या रसाने तो पुन्हा पिवळा केला. आम्ल आणि आम्लारी एकत्र आली की एकमेकांना निष्प्रभ करतात, क्षार आणि पाणी तयार होते, हेही मुलांकडून पाठ करून घेतले. मग जरा हौस म्हणून धाकट्या भावाच्या बारावीच्या पुस्तकातून अमिनो आम्लाचे चित्र फळ्यावर काढले आणि सांगितले, "पाहा, अंडी, मासे, डाळी यांतील प्रथिने या छोट्या रेणूंची बनलेली असतात. याच्या एका टोकाला आम्लाचा गट आहे आणि दुसऱ्या टोकाला आम्लारीचा."

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, कालच तुम्ही सांगितलंत, आम्ल आणि आम्लारी भेटली की ती उरत नाहीत. मग ही दोघं एकाच रेणूत शेजारी शेजारी कशी राहतात?"

मी म्हणालो, "ते तुम्हाला पुढच्या वर्गात येईल." शिक्षकांना हे वाक्य फार उपयोगी पडते. परंतु त्या दिवशी घरी जाताना मला ते बोचत राहिले. उत्तर शोधावयास लागलो तेव्हा असे आढळले की नेमका हाच प्रश्न युरोपातील नामांकित रसायनशास्त्रज्ञांना पडला होता, आणि त्याचे पक्के उत्तर मिळावयास विसाव्या शतकाचा पहिला चतुर्थांश उजाडावा लागला. म्हणजे प्रश्न विज्ञानाचा, पण कथा इतिहासाची. तेथे मात्र माझा अधिकार चालतो.

कथेचा आरंभ फ्रान्समधील नान्सी या गावी होतो. आँरी ब्राकोनो नावाचे रसायनशास्त्रज्ञ तेथे होते. १८२० साली त्यांनी जिलेटिन, म्हणजे हाडे व कातडी उकळून मिळणारा चिकट पदार्थ, गंधकाम्लात शिजविले. त्यातून पांढरे स्फटिक निघाले. चव पाहिली तर गोड. त्या काळी नवा पदार्थ जिभेवर ठेवून पाहण्याची सर्रास पद्धत होती. विद्यार्थ्यांनी तिचे अनुकरण करू नये. गोड म्हणजे साखर, असे धरून त्यांनी त्याला 'जिलेटिनची साखर' म्हटले. पुढे १८३८ साली बूसँगो यांनी दाखविले की या साखरेत नायट्रोजन आहे. आपल्या साखरेत तो नसतो. तेव्हा ही साखर नव्हेच. १८४८ साली बर्झेलियस यांनी ग्रीक भाषेतील 'गोड' या अर्थाच्या शब्दावरून त्याला 'ग्लायसीन' हे नाव सुचविले. सर्व अमिनो आम्लांत हे सर्वांत लहान.

या ग्लायसीनची वागणूक चमत्कारिक होती. ती कळण्यासाठी तीन पदार्थ शेजारी ठेवून पाहू. रेणूचे वजन साधारण सारखे असले म्हणजे पदार्थांचे वितळणे-उकळणेही फार दूरचे नसावे, अशी आपली अपेक्षा. प्रोपिऑनिक आम्ल हे शुद्ध आम्ल, त्याचे रेणुवजन ७४. ब्यूटिल अमाइन हे शुद्ध आम्लारी, त्याचे ७३. दोन्ही पाण्यासारखे पातळ, दोन्हींना उग्र वास. आणि ज्यात आम्लाचा गटही आहे व आम्लारीचा गटही आहे त्या ग्लायसीनचे ७५. ते मात्र कोरडे, बिनवासाचे, मिठासारखे स्फटिकमय. तापवीत गेले तर सुमारे २३३ अंश सेल्सिअसपर्यंत वितळायचे नाव घेत नाही, आणि मग वितळता वितळताच करपून विघटित होते. पाण्यात भरपूर विरघळते, ईथरमध्ये मुळीच नाही. ही सारी लक्षणे मिठाची आहेत. मिठात सोडियमचा धन भाराचा कण आणि क्लोरीनचा ऋण भाराचा कण एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात, म्हणून ते वितळविण्यास प्रचंड उष्णता लागते. पण मिठात दोन वेगळे कण असतात. ग्लायसीनचा तर एकच रेणू आहे. मग धरणारा कोण आणि धरला जाणारा कोण?

जर्मनीतील थोर रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी या वागणुकीचा व्यवहारात फार छान उपयोग करून घेतला. प्रथिनांचे तुकडे केल्यावर अनेक अमिनो आम्लांचे मिश्रण हाती येई आणि ते वेगळे करता येत नसे, कारण ऊर्ध्वपातन करावे तर पदार्थ उडण्याआधीच करपे. फिशर यांनी १९०१ साली युक्ती केली. आम्लाच्या टोकाला अल्कोहोल जोडून ते टोक बंद केले. झाले! तोच हट्टी पदार्थ आता पातळ द्रव झाला आणि कमी दाबाखाली भराभर उडू लागला. एक टोक बंद करताच मिठाचा स्वभाव नाहीसा झाला. गुपित दोन टोकांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात आहे, हे यावरून दिसत होते, पण ते नाते नक्की कसले?

येथे विजेचा संबंध येतो. 'आयन' हा शब्द १८३४ साली मायकेल फॅरडे यांनी रूढ केला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'जाणारा'. द्रावणातून वीज सोडली की जे कण एका टोकाकडे चालू लागतात ते आयन. धन भाराचे ऋण टोकाकडे जातात, ऋण भाराचे धन टोकाकडे. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८४ साली आपल्या प्रबंधात असे मांडले की पाण्यात विरघळताच मीठ, आम्ले, आम्लारी हे पदार्थ अशा भारित कणांत फुटतात, त्यासाठी वीज सोडावीच लागत नाही. या प्रबंधाला उप्साला विद्यापीठाने अगदी खालची श्रेणी दिली होती. त्याच विचारासाठी १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट मी नेहमी सांगतो, पण तिचा उपयोग पालकांसमोर सबब म्हणून करू नये, हेही सांगतो.

अऱ्हेनियस यांचा विचार उचलून धरणाऱ्यांत लाइपझिगचे ऑस्टवाल्ड हे प्रमुख. त्यांच्या प्रयोगशाळेतील गेऑर्ग ब्रेडिग या तरुणाने १८९४ साली अशी कल्पना मांडली की काही रेणूंत धन आणि ऋण असे दोन्ही भार एकाच वेळी असू शकतात. रेणू स्वतःशीच क्षार करतो, आतल्या आत. त्याच्यासमोर बीटाइन या पदार्थाचे उदाहरण होते. शायब्लर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात साखरेच्या बीटच्या रसातून तो वेगळा केला होता. बीटवरून बीटाइन. त्यातील नायट्रोजनला चार कार्बन जोडलेले असल्यामुळे तो कायमचा धन असतो, आणि आम्लाचे टोक ऋण.

तीन वर्षांनी, १८९७ मध्ये, फ्रीडरिख विल्हेल्म क्यूस्टर यांनी अशा कणाला नाव दिले. ते मिथिल ऑरेंजचा अभ्यास करीत होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलेल्या प्रत्येकाला हा रंग ठाऊक आहे. आम्लात तो तांबडा होतो आणि आम्ल संपत आले की पिवळा. या रंगाच्याही एका बाजूला आम्लाचा गट आहे आणि दुसऱ्या बाजूला आम्लारीचा. क्यूस्टर यांनी म्हटले, हा 'झ्विटर-आयन' आहे. जर्मन भाषेत 'झ्विटर' हा शब्द जो पूर्ण पुरुषही नाही आणि पूर्ण स्त्रीही नाही अशा जीवासाठी वापरला जातो. त्यात एक प्रकारची हेटाळणीही आहे. मला स्वतःला हे नाव आवडत नाही. या कणात काही कमी नाही, उलट दोन्ही गोष्टी पुरेपूर आहेत. इंग्रजीत पुढे 'द्विध्रुवी आयन' अशा अर्थाचे सौम्य नाव आले, तरी जगभर चालते ते जर्मनच. या लेखापुरते मी त्याला 'उभयभारी' म्हणणार आहे.

नावांचाच विषय निघाला म्हणून एक आठवण. 'अल्कली' हा शब्द आपण इंग्रजी समजून वापरतो. तो अरबी आहे, 'अल्-किली'. खाऱ्या जमिनीतील वनस्पती जाळून जी राख मिळे ती किली. तीच साबणासाठी आणि काचेसाठी वापरीत. असो.

नाव मिळाले, कल्पना मिळाली, तरी बहुतेक रसायनशास्त्रज्ञ ती मानावयास तयार नव्हते, आणि त्यांच्या हातात आकडे होते! प्रत्येक आम्लाची ताकद मोजता येते. आम्ल म्हणजे हायड्रोजनचा धन कण देऊन टाकणारा, आम्लारी म्हणजे तो कण घेणारा. देण्याची तयारी जितकी जास्त तितके आम्ल तीव्र. ग्लायसीनच्या पाण्यात सोडा मिसळीत जाऊन ही तयारी मोजली, तर ग्लायसीनचा आम्लगट व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्लाच्या सुमारे एक लक्ष पटीने दुबळा निघे. आम्लारीच्या बाजूने मोजावे तर तो गट साध्या मिथिल अमाइनपेक्षा कोट्यवधी पटींनी दुबळा. सर्वजण म्हणत, दोन गट एका रेणूत कोंबले गेले म्हणून दोघेही मरगळले, आणि इतकी दुबळी माणसे एकमेकांशी काय झगडणार? म्हणून ती शेजारी शेजारी शांत बसली आहेत. वर्गातील त्या मुलीला जर तेव्हाच्या प्राध्यापकांनी उत्तर दिले असते तर ते असेच दिले असते.

अमेरिकेतील इलियट क्विन्सी ॲडम्स यांनी १९१६ साली या समजुतीविरुद्ध लिहिले. फारसे कोणी लक्ष दिले नाही. मग १९२३ साली कोपनहेगनचे नील्स ब्येरुम यांनी तीच गोष्ट स्वतंत्रपणे आणि अधिक विस्ताराने मांडली. ब्येरुम यांनी नवा प्रयोग करून काही उलथविले नाही. आकडे जुनेच ठेवले. फक्त ते कोणाच्या नावावर मांडावयाचे एवढेच बदलले.

आम्हा शिक्षकांना हे चटकन कळावे. समजा, वर्गात दोन जुळे भाऊ आहेत आणि गुणपत्रिकेत त्यांचे गुण अदलाबदल होऊन लिहिले गेले. बेरीज जमते, सरासरी जमते, निकालात चूक कोठेच दिसत नाही. मात्र गणितात हुशार असलेला मुलगा गणितात नापास आणि भाषेत हुशार असलेला भाषेत नापास दिसतो. वर्षभर सारे म्हणतात, घरात काहीतरी बिनसले म्हणून दोघेही मागे पडले. ब्येरुम यांनी म्हटले, दोघेही हुशारच आहेत, तुमची नोंद उलटी झाली आहे.

ते असे. ग्लायसीन पाण्यात पडते तेव्हा आम्लाच्या टोकाने आपला हायड्रोजन कण केव्हाच देऊन टाकलेला असतो, आणि तो घेतलेला असतो शेजारच्या आम्लारीच्या टोकाने. म्हणून एक टोक ऋण, दुसरे धन. आता आपण सोडा घातला तर हायड्रोजन कण कोण देणार? आम्लाच्या टोकाकडे तो उरलेलाच नाही. देतो तो दुसऱ्या टोकाचा नायट्रोजन, जड मनाने, म्हणून ती देण्याची तयारी एवढी कमी भरते. तो आकडा आम्लाचा नव्हेच. तसेच आम्ल घातले की कण घेणारा कोण? नायट्रोजनची ओंजळ भरलेली आहे. घेतो तो आम्लाचा ऋण गट, नाइलाजाने. आकडे असे योग्य नावावर मांडताच सारे जुळले. नायट्रोजनचा आकडा मिथिल अमाइनच्या जवळपास आला. आम्लाचे टोक तर ॲसिटिक आम्लापेक्षा शेकडो पटींनी तीव्र निघाले, कारण शेजारचा धन भार हायड्रोजन कणाला दूर ढकलतो. दुबळे कोणीच नव्हते. पाण्यातील ग्लायसीनच्या भार नसलेल्या एका रेणूमागे उभयभारी रेणू लाखांच्या हिशेबात असतात.

जवळजवळ एक पिढी हुशार माणसे बरोबर आकडे घेऊन चुकीचे वाचीत राहिली, ही गोष्ट इतिहासाच्या शिक्षकाला विशेष लागते. आमच्या विषयातही कागद खरा असतो आणि त्यावरचे नाव चुकीच्या माणसाला लावलेले असते.

पण आकड्यांवरून काढलेले अनुमान ते अनुमानच. डोळ्यांना दिसावे तसा पुरावा हवा होता, आणि त्यात आपल्या देशाचा हात आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यास सी. व्ही. रामन यांनी आपला सुप्रसिद्ध परिणाम जाहीर केला. पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशात त्याच्या रेणूतील जोडण्यांच्या कंपनांची खूण उमटते, आणि प्रत्येक जोडणीची खूण वेगळी. अमेरिकेत हार्वर्ड येथे जॉन एड्सॉल यांनी १९३६ च्या सुमारास अमिनो आम्लांची रामन वर्णपटले घेतली. आम्लगट शाबूत असेल, म्हणजे त्याने आपला हायड्रोजन धरून ठेवला असेल, तर एका ठराविक जागी रेषा उमटावयास हवी. साध्या ग्लायसीनच्या द्रावणात ती रेषा नव्हतीच. त्यात तीव्र आम्ल ओतून ऋण टोकाला हायड्रोजन परत घेण्यास भाग पाडले, की ती रेषा प्रकट होई. ब्येरुम यांचे म्हणणे छायाचित्राच्या काचेवर उमटले. रामन परिणामाचे नाव आपण दरवर्षी विज्ञानदिनी घेतो, पण तो कोणत्या कामी आला हे मुलांना क्वचितच सांगतो. हे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे.

१९३९ साली कॅलिफोर्नियात आल्ब्रेख्त आणि कोरी यांनी क्ष-किरणांनी ग्लायसीनच्या स्फटिकाची रचना काढली. तीही उभयभारी रचनेशीच जुळणारी होती. एक उणीव मात्र राहिली. हायड्रोजन इतका हलका की क्ष-किरणांना तो धड दिसत नाही, आणि येथे तर सारा खटला हायड्रोजन कोणाजवळ आहे याचाच! न्यूट्रॉनच्या झोताला हायड्रोजन स्पष्ट दिसतो, पण त्यासाठी अणुभट्टी पाहिजे. मुंबईजवळ तुर्भे येथे १९६० साली सायरस ही भट्टी सुरू झाली होती (ती २०१० अखेर बंद झाली). तेथे रामनाधम, सिक्का आणि चिदंबरम् यांनी थ्रिऑनीन या अमिनो आम्लाची रचना न्यूट्रॉनच्या साहाय्याने काढून १९७३ साली प्रसिद्ध केली. नायट्रोजनवर तीन हायड्रोजन, आम्लाच्या टोकावर एकही नाही. लोकल गाडीने ज्या बाजूला आपण रोज जातो तेथे, भाभा अणुसंशोधन केंद्रात, हे काम झाले आहे.

गंमत अशी की हे उभयभारी रूप शेजाऱ्यांच्या आधाराने टिकते. पाण्याचे रेणू किंवा स्फटिकातील भाऊबंद भोवती असले तरच दोन्ही भार सांभाळले जातात. ग्लायसीनची वाफ करून एकटा रेणू पाहिला तर तो साधा, भार नसलेला असतो, हे १९७८ साली सूक्ष्मतरंगांच्या प्रयोगांत दिसले. धूमकेतूतही ग्लायसीन आहे. स्टारडस्ट यानाने आणलेल्या धुळीत ते सापडल्याचे २००९ साली जाहीर झाले आणि रोझेटा यानाने २०१६ साली दुसऱ्या एका धूमकेतूच्या भोवतालच्या वायूत ते दाखविले.

ज्या तरुणाने ही कल्पना प्रथम मांडली त्या ब्रेडिग यांचे पुढे काय झाले, हे पाठ्यपुस्तकांत नसते. ते कार्ल्सरूहे येथे प्राध्यापक झाले. जन्माने ज्यू. १९३३ साली हिटलरची सत्ता येताच त्यांना पद सोडावे लागले. तेव्हा त्यांचे वय पासष्टीच्या घरात होते. पुढे ते हॉलंडमध्ये गेले आणि १९४० साली अमेरिकेत. तेथेच १९४४ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचा अंत झाला. आयुष्यभर जमविलेली त्यांची पत्रे व पुस्तके जर्मनीबाहेर निघाली, युद्ध संपल्यावर मुलाकडे पोचली, आणि आता फिलाडेल्फियातील विज्ञान-इतिहास संस्थेत आहेत. एका देशाने आपला उत्तम शिक्षक केवळ जन्मावरून घराबाहेर काढला. यावर मी अधिक लिहीत नाही.

आता घरात येऊ. दूध नासते किंवा विरजते तेव्हा काय होते? दुधातील केसीन हे प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, आणि तिच्यावर ठिकठिकाणी धन व ऋण गट. ताज्या दुधाचा पीएच सुमारे ६.६ असतो. त्या स्थितीत केसीनवर ऋण भार जास्त असतो, म्हणून त्याचे कण एकमेकांना ढकलतात आणि तरंगत राहतात. दह्यातील जंतू आम्ल तयार करतात, किंवा आपण लिंबू पिळतो. पीएच ४.६ च्या आसपास आला की धन आणि ऋण भार समसमान होतात. ढकलणे थांबते, कण एकमेकांना चिकटतात, दही लागते किंवा पनीर फुटते. असा समसमान बिंदू प्रत्येक प्रथिनाचा वेगळा. अंड्यातील पांढऱ्याचा पदार्थ विजेच्या क्षेत्रात ठेवला तर तो आम्लात एका दिशेला आणि अल्कलीत उलट दिशेला सरकतो, हे इंग्लंडमधील हार्डी यांनी १८९९ सालीच पाहिले होते.

किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांना मासळीचे सांगावयास हवे. समुद्रातील माशांच्या अंगात ट्रायमिथिल अमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. याच्या नायट्रोजनवर धन आणि शेजारच्या ऑक्सिजनवर ऋण भार. मुशीसारख्या माशांत तर तो विपुल असतो, त्यांच्या रक्तातील युरियापासून प्रथिनांचे रक्षण करतो. त्याला स्वतःला वास नाही. मासा मेला की जंतू त्यातील ऑक्सिजन काढून घेतात आणि उरते ते ट्रायमिथिल अमाइन. आपण ज्याला मासळीचा वास म्हणतो तो याचाच. कालवणात आमसुले किंवा चिंच पडली की त्यातील आम्ल या अमाइनला हायड्रोजन कण देते, ते भारित होते आणि मग उडू शकत नाही. वास दबतो. आपल्या आया-आज्यांनी हे कोणत्याही पुस्तकाशिवाय ठरविले होते.

आणि खाडीच्या काठी उभे असलेले तिवराचे झाड! मिठाच्या पाण्यात मुळे बुडवून ते हिरवेगार राहते, त्यामागील एक कारण म्हणजे ते आपल्या पेशींत ग्लायसीन बीटाइन साठविते. एकाच रेणूत धन-ऋण जुळलेले असल्यामुळे ते पेशीत कितीही साठले तरी आतील प्रथिनांच्या कामात ढवळाढवळ करीत नाही, आणि पाणी मात्र धरून ठेवते. ब्रेडिग यांच्या डोळ्यांपुढे बीटमधला जो पदार्थ होता, तोच आपल्या खाडीत रोज काम करीत आहे.

एक गोष्ट मात्र स्वयंपाकघराबाहेरची आणि गंभीर आहे. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी इटानो, सिंगर व वेल्स यांनी सिकलसेल या आजाराच्या रोग्यांचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात सोडून पाहिले. निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा ते वेगळ्या गतीने सरकले. म्हणजे भारात फरक होता. पुढे काही वर्षांतच इन्ग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये तो फरक नक्की कोठे आहे ते शोधले. साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असावयाचे, ज्याच्यावर जास्तीचा एक ऋण भार असतो. तेथे व्हॅलीन बसले होते, ज्याच्या त्या बाजूला भारच नाही. एवढ्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि मूल आयुष्यभर वेदना सोसते. विदर्भात आणि नंदुरबारच्या बाजूला हा आजार पुष्कळ घरांत आहे. रक्ताची जी तपासणी तेथे केली जाते तिच्यातील एक मुख्य पद्धत आजही हीच, विजेच्या क्षेत्रात हिमोग्लोबिन किती सरकते ते पाहण्याची. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक स्वतः निरोगी दिसतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. लग्न ठरविताना आपण कितीतरी गोष्टींची चौकशी करतो. त्या भागाशी संबंध असलेल्या घरांनी या चौकशीलाही जागा द्यावी असे मला वाटते, आणि तीत लाजण्यासारखे काही नाही.

सर्दी झाली म्हणून आपण घेतो ती सेटिरिझीनची गोळी, अंड्याच्या बलकातील लेसिथिन, लहान मुलांच्या शाम्पूत डोळ्यांना न झोंबणारा फेस, यांतही उभयभारी रेणू आहेत. यादी वाढविता येईल, पण स्मरणिकेची पाने मोजकी असतात.

ती मुलगी आता औषधनिर्माणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी सुटीत भेटली तेव्हा मी मोठ्या उत्साहाने नान्सीपासून तुर्भ्यापर्यंत सगळे सांगावयास सुरुवात केली. तिने ते शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "सर, म्हणजे उदासिनीकरण झालंच होतं की. तुम्ही फळ्यावर काढायच्या आधीच. चित्र चुकलं होतं."

मी ते चित्र आता बरोबर काढतो.